खुर्चीची अंघोळ

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक जण काही ना काही धूत असतो. कुणी स्कूटर, कुणी रिक्षा, कुणी मासळीची प्लास्टिकची पिंपं. मी बाबांची चाकाची खुर्ची साफ करते. धुते असं म्हणत नाही, कारण तिला पाणी लावायचं नसतं. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा बोलले आहे की आता माझं मलाच ऐकवत नाही.

ओट्यावर जुनी चादर अंथरायची, खुर्ची घडी करून आडवी पाडायची आणि पुढची दोन छोटी चाकं आपल्याकडे करून बसायचं. मोठ्या चाकांचं फार नसतं. आऱ्यांवरून फडकं फिरवलं, हाताने ढकलायच्या कडीवरचा काळा थर घासला, ब्रेकच्या दांड्याला तेलाचा थेंब दिला की ती गप्प बसतात. खरा डोक्याला ताप म्हणजे पुढची छोटी चाकं. एका हातातल्या पान्याने नट धरायचा, दुसऱ्या हातातल्या पान्याने बोल्ट फिरवायचा आणि तिसरा हात नसल्यामुळे चाक गुडघ्यांत दाबून धरायचं. चाक निघालं की आतल्या दांडीभोवती जे काही गुंडाळलेलं असतं ते ब्लेडने कापून काढायचं. दोरे, पिशवीच्या चिंध्या, माशाचा एखादा खवला, आणि केस. मुख्यतः केस. तेही आईचे. तिचे केस म्हातारपणीही कमरेपर्यंत होते आणि ती ते ओट्यावर बसून विंचरायची. गळलेले केस बोटाला गुंडाळून ती भिंतीच्या फटीत खोचायची, तिथून ते वाऱ्याने उडायचे आणि थेट चाकात जायचे. मी ओरडायचे. ती म्हणायची, "मग काय टक्कल करू?"

आम्ही नवी मुंबईतल्या कराव्याचे. गाव आता नावापुरतं उरलंय. पलीकडे सीवूड्सचे टॉवर, अलीकडे आमची एकमेकांना चिकटलेली घरं आणि मागे खाडी. खाडीची हवा लोखंडाला खाते. वर्षभर एक थेंब पाणी लावलं नाही तरी खुर्चीच्या सांध्यांना तांबूस भुकटी धरते. उलव्याला नव्या फ्लॅटमध्ये राहणारा माझा भाऊ अधूनमधून येतो, खुर्चीकडे बघतो आणि म्हणतो, "ताई, नवीन घेऊ ना, कशाला टेन्शन घेतेस." मग चहा पिऊन जातो. नवीन घेतली तरी तिलाही हीच हवा लागणार आणि तिचीही चाकं मलाच उघडावी लागणार, हे त्याला कोण सांगणार. मी बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करते आणि मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ असतो असं आमच्या नात्यात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

बाबांचा उजवा पाय शुगरने गेला. डावा आहे, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस आता खाटेवर पडून छताकडे बघत बसेल. तसं झालं नाही. महिन्याभरात ते स्वतः चाकं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. भावाने ओट्याच्या पायऱ्यांवर लोखंडी पत्र्याचा उतार करून घेतला. गटाराच्या झाकणांवरून, झोपलेल्या कुत्र्यांना वळसा घालून, बाबा गावभर फिरायला लागले. पण ते फिरायला म्हणून फिरत नव्हते. त्यांना एक काम होतं आणि ते काम थांबत नाही.

बाबा गावातल्या तिरड्या बांधायचे. ते काही त्यांचं पोट भरायचं काम नव्हतं. ते कंपनीत नोकरीला होते, तिथून रिटायर झाले. पण कुणी गेलं की निरोप पहिला आमच्या घरी यायचा. बांबू किती लांब घ्यायचा, आडव्या कामट्या किती अंतरावर, सुंभ कसा ओढायचा, माणूस जड असेल तर खांद्याखाली काय करायचं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. त्यांनी बांधलेली तिरडी वाटेत करकरली असं कधी झालं नाही. पाय गेल्यावरही निरोप येतच राहिले. आता ते खुर्चीत बसून सांगायचे आणि पोरं बांधायची. "ती गाठ सोड. परत मार. अशी नाय, उलटी." आणि मग तिरडीमागून खाडीकाठच्या स्मशानापर्यंत खुर्चीतूनच जायचे. ज्याची बांधली त्याला पोचवून यायचं, हा त्यांचा नेम होता. वर्षभरात गावात माणसं जातातच. त्यात बाबांच्या वयाचे सगळे आता एका ओळीत उभे असल्यासारखे एकामागून एक निघाले होते. मी वैतागून म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही बाहेर पडता ते फक्त मयतीला. कधी देवळात तरी जा." ते म्हणाले, "देवाला माझी काय गरज हाय? तो बसलाय जागेवर."

आणि इथे आई यायची.

स्मशानातून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडेही होतं. ओट्याच्या कडेला पाण्याची बादली आणि कडुलिंबाची डहाळी ठेवलेली असायची. बाबा आले की आई त्यांना खुर्चीतून उतरवून न्हाणीतल्या स्टुलावर बसवायची, डोक्यावरून ऊन पाणी घालायची, धोतर बदलायची. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण मग ती बाहेर यायची आणि खुर्चीलाही अंघोळ घालायची. भरलेल्या बादल्या. वरून, खालून, चाकांवरून. खुर्चीही स्मशानात जाऊन आलेली, तिलाही विटाळ. सीटवर, पाठीवर, आऱ्यांत, सगळीकडे पाणी. "जे तिथं गेलं ते धुतलं पायजे," असं तिचं म्हणणं. तिने खुर्ची एखाद्या म्हशीसारखी धुतलेली मी बघितली आहे.

मग ते पाणी बेरिंगमध्ये शिरायचं. बेरिंग म्हणजे चाकाच्या पोटातले छर्रे, ज्यांच्यावर ते फिरतं. त्यातलं ग्रीस धुऊन गेलं की चाक पहिल्यांदा करकरतं, मग अडखळतं, मग एक दिवस जागेवर थांबतं. म्हणून प्रत्येक मयतीनंतर, ऑफिसातून थकून आल्यावर, मला चाकं उघडावी लागायची. होडीवाल्या शेजाऱ्याकडून वाटीभर डिझेल आणायचं, त्यात बेरिंग बुडवायचं, जुना दात घासायचा ब्रश फिरवायचा, पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं, नवं ग्रीस भरायचं. हाताचा वास जेवणापर्यंत जायचा नाही. गावात कुणी गेल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिल्यांदा त्या माणसाचं वाईट वाटायचं नाही, डिझेल आठवायचं. हे बरोबर नाही हे मलाही कळतं, पण थकलेल्या माणसाला बरोबर काय ते फार सुचत नाही.

आईला मी सगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. चिडून सांगितलं, समजावून सांगितलं, बेरिंग हातात देऊन दाखवलं. तिने ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "एवढंसं हाय. एवढ्याशाला काय होतंय?" मी म्हटलं, खुर्ची बंद पडली तर बाबा घरात पडून राहतील. ती म्हणाली, "आनि चाकाला लागून काय घरात आलं, तर कोन पडून राहील?" तिचा आवाज तेव्हा वेगळा होता. मला उशिरा कळलं की तिला विटाळाची तेवढी पडलेली नव्हती, भीती वाटत होती. बाबा दर वेळी दुसऱ्या कुणाला पोचवायला जात होते, आणि तो पोचवण्याचा रस्ता चाकांना लागून आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो असं तिला वाटायचं. ती तो रस्ता धुऊन काढत होती. पण हे कळल्यानेही माझं डिझेल काही कमी झालं नाही.

एकदा मी युक्ती केली. मयतीला निघायच्या आधीच चाकांच्या मधल्या भागांना दुधाच्या पिशव्यांचे तुकडे गुंडाळून वर रबरबँड लावले. बाबा हसले. म्हणाले, "हिला टोपडी घातली का?" तसेच गेले, तसेच आले. आईने एका नजरेत ओळखलं. बाबांची अंघोळ झाल्यावर ती पाट घेऊन खुर्चीजवळ बसली, एकेक रबरबँड काढून मनगटात घातला, पिशव्या बाजूला ठेवल्या आणि मग शांतपणे बादली उचलली. त्यानंतर आमच्यात दोन दिवस बोलणं नव्हतं. ते रबरबँड मात्र ती पुढे कढीपत्त्याच्या जुडीला वापरायची.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एका उन्हाळ्यात भर दुपारी गावातली एक म्हातारी गेली. बाबांनी तिरडी बांधून घेतली, सगळे निघाले. स्मशानाकडे उतरणारा रस्ता तुम्ही बघितला असेल तर तिथे शेवटी चांगलाच उतार आहे, आणि मध्ये पेव्हर ब्लॉक उखडलेत. बरोबर तिथे पुढचं उजवं चाक अडकलं. हळू नाही झालं, एकदम थांबलं. खुर्ची गर्रकन आडवी फिरली आणि बाबा पुढे झुकले. पडले नाहीत, कुणीतरी खांदा धरला. पण तिरडी पुढे निघून गेली आणि खुर्ची हलेना. खांदेकऱ्यांना थांबता येत नाही. शेवटी मागच्या चार जणांनी खुर्ची चारही बाजूंनी उचलली आणि तशीच, बाबांसकट, खांद्यापर्यंत उंच धरून खाली नेली. मी तिथे नव्हते, आमच्यात बायका जात नाहीत. हे मला बाबांनीच सांगितलं. हसत सांगितलं. "दोन मयती निघाल्या गं. एक आडवी, एक बसलेली." मग त्यांचं हसू राहिलं नाही. म्हणाले, "लोकं बगत होती."

त्या दिवशीही आईने खुर्चीवर पाणी ओतलं. मी तिला अडवलं नाही. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. रात्रीच्या जेवणाला बाबा म्हणाले की आता बस झालं, आपण जाणार नाही. पोरांना येतं बांधायला. नाही आलं तर शिकतील.

खुर्ची मी दुरुस्त केली. दर वेळी डिझेल-ग्रीस करूनही बेरिंग आतून पार गंजून गेलं होतं, नवीन बसवलं. चाक असं फिरायला लागलं की हात लावताच पळेल. पण बाबा बसेनात. खाटेवरून खिडकीत, खिडकीतून खाटेवर. गल्लीच्या टोकापर्यंतही नाही. दाढी करायचे बंद झाले. खुर्ची कोपऱ्यात कोरडी, स्वच्छ, चकचकीत उभी. मला हेच तर हवं होतं, असं मी स्वतःला दोन-तीनदा सांगून बघितलं. रविवार मोकळा मिळायला लागला. मी कपाटं आवरली, एकदा सिनेमालाही गेले. आणि घरी आल्यावर खिडकीत बाबांची पाठ दिसायची ती तशीच.

पावसाळा संपताना बाबांचा मित्र गेला. लहानपणापासूनचा, एकाच होडीतून दोघे खाडीत जायचे. निरोप घेऊन माणूस आला आणि दारात उभा राहिला. बाबा खाटेवरून म्हणाले, "बांबू हिरवा घ्या. तो जड होता." एवढंच. माणूस थोडा वेळ थांबला आणि गेला. मग तिरडी आमच्या गल्लीतूनच गेली, कारण दुसरा रस्ता नाही. बाबांनी खिडकीतून हात जोडले. तिरडी करकरत होती. आम्हाला तिघांनाही ते ऐकू आलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

आईने हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ती ओट्यावर माझी वाट बघत बसलेली. आयुष्यात तिने मला काही विचारून केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तिने विचारलं, "पिळलेल्या फडक्यानं पुसली तर चालंल?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय?"

"खुर्ची. पानी नाय वतनार. फडकं घट्ट पिळीन. मग तर आत नाय जानार ना?"

मी म्हटलं, नाही जाणार. ती उठली, आत गेली आणि बाबांना म्हणाली, "पुढच्याला जावा तुमी. मी बगते काय करायचं ते." बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "दाढीचं सामान कुठं हाय?"

तेव्हापासून ती पुसायची. तिची पद्धत बघण्यासारखी होती. फडकं बादलीत बुडवून ती इतकं पिळायची की तिच्या हाताच्या शिरा वर यायच्या. मग पाटावर बसून एकेक आरा वरून खाली, खालून वर. चाकाच्या कडेची एकेक खाच. पुढच्या छोट्या चाकांशी तर ती पार वाकून, नाक लावून बसायची. बादली ओतायला एक मिनिट लागायचं, याला तिचा अर्धा तास जायचा, आणि अर्ध्या तासात कंबर धरायची. मी म्हटलं, आई, मी पुसते. म्हणाली, "तू नट काढ. विटाळ माझा हाय." वाकून बसायची त्यामुळे तिचे केस आता आणखीनच चाकांत जायचे. मी ब्लेड घेऊन बसले की ती दुरून म्हणायची, "वरडू नको, माझेच हायेत."

तो सगळा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात दमवणारा होता, आणि तरी तेव्हाच्याइतकं घर नीट चाललेलं मी कधी बघितलं नाही. बाबा जायचे, यायचे. आई पुसायची. मी उघडायचे, लावायचे. कुणी कुणाला काही सांगायला लागत नव्हतं.

आई गेली ती दुपारी, जेवण झाल्यावर. छातीत चमक आली असं बाबांना म्हणाली, ओट्यावर जाऊन बसली. मी ऑफिसात होते. शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा ती भिंतीला टेकून होती आणि गेलेली होती. बाबा आत खाटेवर झोपले होते.

तिरडीचं सामान आलं. भाऊ आला, नातेवाईक आले. पोरं बांबू घेऊन ओट्यासमोर बसली आणि बाबांकडे बघायला लागली, की आता काका सांगतील. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बाकडी आना दोन." शाळेतली बाकडी आणली. "त्याच्यावर ठेवा." बांबू बाकड्यांवर ठेवले, ते बाबांच्या हाताच्या उंचीला आले. मग बाबांनी ब्रेक लावला आणि स्वतः बांधायला घेतली. कुणाला हात लावू दिला नाही. एका बाजूच्या गाठी झाल्या की ब्रेक काढायचा, खुर्ची पुढे घ्यायची, परत ब्रेक. ऊन उतरेपर्यंत बांधत होते. कुणी घाई केली नाही. मी दारात उभी राहून त्यांची बोटं बघत होते.

ते सगळे गेले. आम्ही बायकांनी घर धुतलं, आई होती त्या जागी पिठावर दिवा लावला. मी ओट्याच्या कडेला बादली भरून ठेवली, कडुलिंब ठेवला. मग आतून एक फडकं आणलं, भिजवलं आणि पिळलं. आई पिळायची तसं पिळायचा प्रयत्न केला. ते हातात धरून मी उभी राहिले.

बाबा आले. पत्र्याच्या उताराच्या खाली थांबले. भाऊ त्यांना उचलून न्हाणीत न्यायला पुढे झाला, तर त्यांनी हाताने थांबवलं. माझ्या हातातलं फडकं त्यांनी बघितलं.

"ते नको," ते म्हणाले. "पानी वत."

मी म्हटलं, "बाबा, बेरिंग—"

"वत. आज तिच्यासारखं वत."

आणि ते खुर्चीतून उतरले नाहीत. ब्रेक लावून तसेच बसून राहिले, हात कडीवर ठेवून, डोळे मिटून. मी बादली उचलली आणि त्यांच्या डोक्यावरून ओतली. मग खुर्चीवर. मग चाकांवर. भावाने दुसरी भरून दिली, तीही ओतली. पाणी सीटवरून, आऱ्यांतून, छोट्या चाकांतून खाली येत होतं आणि गल्लीच्या उताराने गटाराकडे जात होतं. बाबा बस म्हणेपर्यंत मी ओतत राहिले. मला रडायला आलं नाही. मी फक्त चाकांकडे बघत होते, आत किती जातंय ते.

पुढचे दिवस माणसांचे होते. माणसं येत होती, बसत होती, जात होती. खुर्ची ओट्यावर तशीच उभी होती आणि बाबांनी मागितलीही नाही. तिच्या चाकांखाली फरशीवर तांबडे डाग पडले. मला दिसत होते. हात लावायची इच्छा होत नव्हती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्या खाडीवर जायचं हाय. बग जरा."

मी चादर अंथरली. खुर्ची आडवी केली. पुढचं उजवं चाक हाताने फिरवून बघितलं, फिरेना. नट गंजून बसला होता. डिझेल टाकून थांबले, मग दोन पाने लावून सगळा जोर काढला तेव्हा तो सुटला. चाक बाहेर आलं. दांडीभोवती आईचे केस होते. पांढरे, लांब, घट्ट गुंडाळलेले, गंजाने मध्येमध्ये तांबडे झालेले. शेवटच्या वेळी तिने पुसलं तेव्हाचे असणार. ओट्यावरच्या भिंतीच्या फटीत खोचलेले सगळे केस बायकांनी घर धुताना काढून टाकले होते. तिच्या साड्या मामीने बांधून ठेवल्या होत्या. हे कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

बाबा दारात खाटेवर बसून बघत होते. "काय अडकलंय?" त्यांनी विचारलं.

"केस," मी म्हणाले.

कुणाचे ते त्यांनी विचारलं नाही. मी ते नखाने सोडवायला बघितले. टोक सापडेना. सापडलं ते तुटलं. इतकी वर्षं मी हे केस कापताना तोंडाने बडबड करायचे, तिला ऐकू जाईल अशी. आता मी गप्प बसले होते आणि हातातलं ब्लेड खाली ठेवत होते, परत उचलत होते. मला तेव्हा रडायला आलं. चाक गुडघ्यांत तसंच दाबून धरून मी रडले.

बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "काप आता. मना जायचं हाय ना तिच्याकडं."

मी कापले. त्यांचे बारीक बारीक तुकडेच झाले, गुंडाळलेले केस अख्खे कधी निघत नाहीत. ते कागदावर गोळा करून मी बाबांच्या हातात दिले. बेरिंग डिझेलमध्ये टाकलं, ब्रश फिरवला, पुसलं, ग्रीस भरलं. चाक बसवून फिरवून बघितलं, फिरत होतं. मग खुर्ची दुसऱ्या कुशीवर केली आणि डावं चाक उघडायला घेतलं.